बाहमी तबादला

हिंगोली, ता. ६ जानेवारी १९३६, सोमवार

हैदराबादेहून परिपत्रक आले. उर्दूत, दोन पाने. विलायतेतल्या स्कॉटलंडचे दिमागी आजारांचे डॉक्टर निजाम सरकारच्या मुलखातले दवाखाने पाहायला येणार आणि इकडची माणसे तिकडचे पागलखाने पाहायला जाणार. याला 'तबादला' म्हटले आहे. तबादला म्हणजे अदलाबदल. जाणार कोण, तर 'डॉक्टर व अमला'.

अमल्यात कंपाउंडर येतो. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर एकच आहे. मागच्या अंगणातल्या चार खोल्यांत आसपासच्या गावांतले वेडे तपासणीसाठी ठेवतात. त्यांना औषध मीच देतो.

निश्चय : पाचला उठणे. रोज वीस इंग्रजी शब्द. रोजनिशी लिहिणे, कारण तिकडे सगळे लिहितात. कालिंदीबद्दल काहीही न लिहिणे. तिला जाऊन आज चौपन्न दिवस झाले.

ता. ७ जानेवारी, मंगळवार

पाचला उठणे जमले नाही, कारण झोपलोच नव्हतो. जो झोपला नाही तो उठणार कसा? थोर माणसांना झोप कमी लागते असे ऐकले आहे.

सकाळी चहा दोन कप झाला. हाताच्या सवयीने दोन होतो. दोन्ही मीच घेतले. विलायतेत चार-पाच वेळा घेतात, तेव्हा ही तयारीच म्हणायची.

ता. १० जानेवारी, शुक्रवार

डॉ. हमीदुल्ला साहेबांना अर्ज दिला. साहेब भले आहेत, पण थट्टेखोर. म्हणाले, क्या पंत, स्कॉटलंड जाके खाते क्या, वहां दाल बी नै मिलती. मी म्हणालो, साहेब, सेवा. तेव्हा चष्म्यावरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, रात को सोते नै क्या? मी म्हणालो, अभ्यास चालू आहे. म्हणाले, अच्छा, अर्जी छोड़ो इधर, मैं देखता.

'मैं देखता' म्हणजे निम्मे काम झाले.

इंग्रजी शब्द : सहा. बाकीचे उद्याच्या वीसांत मिळवणे.

ता. १४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

शिरड शहापूरहून सासूबाईंचे, म्हणजे गंगूताईंचे कार्ड आले. दुसऱ्याच्या हातून लिहविलेले. 'एकदा येऊन जावे. कालिंदीबद्दल एक विचारायचे आहे. एकच.'

काय विचारायचे ते लिहिलेले नाही. एकच असेल तर कार्डावर मावले असते. वसमतपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी, जाऊन येऊन तीन दिवस मोडतात. स्कॉटलंडचे काम चालू असताना हे शक्य नाही. उत्तर उद्या लिहिणे.

ता. १५ जानेवारी

उत्तर लिहायला बसलो. शाई फार पातळ निघाली.

ता. २२ जानेवारी, बुधवार

नवा पेशंट. नाव दगडोबा, औंढ्याकडचा शेतकरी, वय चाळीस-बेचाळीस. धाकटा भाऊ उत्तमराव सोडून गेला. आजार असा की हा माणूस बसत नाही. अंगणात लिंबापासून विहिरीपर्यंत आणि परत, दिवसभर चालतो. जेवतोही चालत. काहून चालतो म्हणून विचारले, तर म्हणाला, बसलं की आठवतंय साहेब.

काय आठवते ते सांगत नाही.

रिपोर्टात लिहिले : लक्षण, चालणे. कारण, अज्ञात.

ता. ३० जानेवारी, गुरुवार

दगडोबाचे ऑब्झर्वेशन सुरू केले आहे. बसून पाहिल्याने त्याच्या मनातले कळत नाही, म्हणून बरोबर चालतो. ही माझी स्वतःची पद्धत. सकाळी एक तास, दुपारी जेवल्यावर एक, घरी जाण्यापूर्वी दीड-दोन तास. चालण्याने मला काही त्रास होत नाही, उलट बरे वाटते. हे केवळ शास्त्रासाठी आहे.

आज दगडोबाने विचारले, साहेब, मला तर येड लागलंय, तुमी काहून चालून राहिले? मी म्हणालो, ऑब्झर्वेशन. तो म्हणाला, असंल. मंग तुमी विहिरीकडून या, मी लिंबाकडून येतो. एका अंगानं चाललं की वळताना तुमचा पाय माज्या पायात येतो.

सोयीचे झाले. पेशंटला विचारशक्ती आहे, अशी नोंद केली.

ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार

लोकरी कोट शिवायला टाकला. शिंप्याने विचारले, थंडी तर सरून राहिली, कोट कव्हा घालता? मी काही बोललो नाही. बोलण्याने गोष्टी फिसकटतात. फक्त एवढेच म्हणालो की समुद्रावर गार वारे असते. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत दहा जणांनी विचारले, कंपाउंडरसाहेब, बोट कोणत्या तारखेची? लोकांच्या पोटात काही राहत नाही.

ता. ११ फेब्रुवारी, मंगळवार

आमचा पहारेकरी प्रेमसिंग नातलगाच्या लग्नाला वसमतकडे गेला होता. येताना न सांगता शिरडला जाऊन आला. म्हणाला, माय उंबऱ्यातच बसून होती साब, म्हणाली, जावईबापू आले का रे संगं. मी सांगितले, विलायतेचे डॉक्टर पंधरा दिवसांत येऊन राहिले, मला हलता येत नाही. तर म्हणतो, विलायतेचा साहेब येईल अन् जाईल साब, शिरड तोवर जागचं हलत नाही.

उद्धट होत चालला आहे. आणखी काही सांगायचे होते त्याला, पण मला काम होते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. जुन्या चांगल्या होत्या, पण नव्या अधिक चांगल्या आहेत.

ता. १९ फेब्रुवारी, बुधवार

खाट पुन्हा हलवली. ही चौथी जागा. पहिल्या जागी भिंतीची ओल, दुसऱ्या जागी दाराची फट, तिसऱ्या जागी कारण नव्हते. आता ओसरीवर आहे. चूलही ओसरीवर आणली. आतल्या खोल्या उगाच मोठ्या आहेत. एकट्या माणसाला ओसरी पुरते. स्कॉटलंडला एकच खोली देणार असतील, तर सवय झालेली बरी.

इंग्रजी शब्द : साचलेले पाचशे. एखाद्या रविवारी करणे.

ता. २७ फेब्रुवारी, गुरुवार

मोठा दिवस!

सकाळी दहाला मोटार आली. साहेब स्कॉटलंडचे, उंच, लाल, आवाज मात्र बाईमाणसासारखा मऊ. नाव दोनदा सांगितले, पण मला लिहिता येत नाही. मी स्वागताला फाटकात थांबणार होतो. दगडोबाच्या ऑब्झर्वेशनची वेळ चुकवू नये म्हणून अंगणात गेलो आणि तिथेच राहिलो. साहेब मागच्या दाराने आले तेव्हा आम्ही दोघे मध्यावर होतो. साहेब पाच मिनिटे नुसते पाहत उभे राहिले. मग त्यांनी डॉक्टर साहेबांना इंग्रजीत विचारले, यातला पेशंट कोणता?

एवढे इंग्रजी मला बरोबर कळते.

नंतर मला खोलीत बोलावले. खुर्ची दिली. निवडीची मुलाखत हीच, हे मी लगेच ओळखले. डॉक्टर साहेब मध्ये दुभाषी. झोप किती? मी म्हणालो, गरजेपुरती. भूक? आटोपशीर. घरी कोण? मी म्हणालो, कोणी नाही, म्हणजे प्रवासाला अडचण नाही. पत्नी? म्हणालो, कार्तिकात वारली, ताप. शेवटच्या दिवशी तुम्ही कुठे होता? ड्यूटीवर. सिव्हिल सर्जन तपासणीला आले होते. त्या दिवशी दवाखान्याला शेरा 'उत्तम' मिळाला, तेही सांगितले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझ्या कर्तव्यबुद्धीचा त्यांच्यावर परिणाम झाला, हे उघड होते.

त्यांनी माझ्याबद्दल पूर्ण पान भरून लिहून घेतले. दगडोबाबद्दल अर्धेच.

मोटार गेल्यावर डॉक्टर साहेब म्हणाले, सुनो पंत, साहब बोल रहे थे, इनको अपने लोगों में भेज दो, जल्दी. मैं आज ही लिखता.

अपने लोग म्हणजे साहेबांचे लोक. झाले!

ता. ३ मार्च, मंगळवार

कोट आला. बाह्या लांब झाल्या, पण थंडीत हात आत घेता येतात. दगडोबाला सांगितले, मी आता विलायतेला जाणार. तो चालता चालता म्हणाला, किती लांब हाय? मी म्हणालो, समुद्रापार. म्हणाला, एवढ्या लांब म्याच जायला पाहिजे व्हतं. मग म्हणाला, पण साहेब, तिथं बी संध्याकाळ व्हत असंल न्हाई?

पेशंटच्या बोलण्यात अधूनमधून असंबद्धता आहे.

ता. १० मार्च, मंगळवार

धुळवडीच्या सुट्टीनंतर उत्तमराव भावाला भेटायला आला. आणि दगडोबा बसला. लिंबाखाली, मातीत, बसकण मारून. तासभर उत्तमरावाशी काहीतरी बोलला. मग लहान लेकरासारखा मोठ्याने रडला. प्रेमसिंग धावत आला, त्याला डॉक्टर साहेबांनी हातानेच थांबवले. म्हणाले, रोने दो, अब ये अच्छा होता.

रडून माणूस बरा होतो हे मला पटत नाही. गेल्या आठवड्यात मी मिक्सचरमध्ये बदल केला होता, त्याचा हा गुण.

संध्याकाळी अंगणात चाललो. ऑब्झर्वेशनला पेशंट नव्हता, पण ठरलेली वेळ मोडू नये.

ता. १७ मार्च, मंगळवार

दगडोबाला घरी सोडले. जाताना पाया पडायला आला, मी पडू दिले नाही. तर हात धरून म्हणाला, साहेब, आता लिंब बी तुमचा अन् विहीर बी तुमची. पण लई दिस चालू नका, पायाला भवरे येतात. आमच्या घरी या, घोंगडं टाकून देतो, बसा निवांत. कोणी इचारणार न्हाई काय आठवतंय म्हणून.

त्याचा डिस्चार्ज थोडा घाईने झाला असे माझे मत आहे.

ता. २४ मार्च, मंगळवार

गंगूताईंचे तिसरे कार्ड. दुसऱ्याची नोंद करायची राहिली होती. 'विचारायचे अजून तेच आहे.'

आता मात्र उत्तर लिहिले. 'तीर्थस्वरूप सासूबाई यांना शिरसाष्टांग नमस्कार. सरकारी कामासाठी स्कॉटलंडला जाणे आहे. आल्यावर अवश्य येतो.' पत्र चांगले उतरले. पण पत्त्यातला 'शिरड' जरा तिरपा आला. पुन्हा लिहीन.

ता. २ एप्रिल, गुरुवार, दुपारी १२

हुकूम आला! डॉक्टर साहेब परभणीला गेले आहेत, तरी लिफाफा माझ्या नावाचा, म्हणून मी फोडला. पहिली ओळ स्पष्ट : विश्वंभर, कंपाउंडर, दवाखाना हिंगोली, 'बाहमी तबादला मंजूर'. बाहमी म्हणजे परस्परांतला. त्यांचा इकडे, आपला तिकडे.

ठिकाणाचे नाव घसरट अक्षरात आहे. स्कॉटलंड उर्दूत अलिफ, सीन या अक्षरांनी सुरू करतात. येथे कारकून अलिफ विसरला आहे आणि सीनवर तीन ठिपके जास्तीचे पडले आहेत. टाक झटकला असेल. शेवटचा डाल मात्र बरोबर आहे. त्यापुढे 'शाह' असे वाचता येते. बादशहाचा मुलूख, म्हणून तसे लिहायची पद्धत असावी.

दुपारी ४

पेढे वाटले. प्रेमसिंगाने झेंडूचा हार आणला, पण घालताना म्हणाला, साब, एकदा मोठ्या साहेबांना वाचू द्या. मी हार घालून घेतला. कोट घालून वॉर्डात एक फेरी मारली. सगळ्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. एकाने अजून थांबवलेल्या नाहीत.

ता. ४ एप्रिल, शनिवार

डॉक्टर साहेब आले. मी हुकूम आणि पेढा दोन्ही पुढे केले. त्यांनी पेढा खाल्ला. मग म्हणाले, पंत, सीन नै, शीन. शिरड शहापूर.

मी म्हणालो, साहेब, बाहमी तबादला लिहिले आहे. म्हणाले, हौ. वहां का कंपाउंडर यहां आता, तुम वहां जाते. मैंने खुद मांगा तुम्हारे लिए. अपने लोगों में जाओ.

मी म्हणालो, ते माझे लोक नाहीत, कालिंदीचे आहेत. साहेब म्हणाले, तो फिर तुम किसके हो मियां?

सरकारी कामात असले प्रश्न विचारायची पद्धत नाही. मी हुकूम घडी घालून घेतला.

ता. ६ एप्रिल, सोमवार

तबादल्याविरुद्ध अर्ज केला. कारण, प्रकृती अस्वास्थ्य. साहेबांनी विचारले, क्या तकलीफ? मी लिहिले होते, निद्रानाश, अन्न न जाणे, एका जागी बसवत नाही. साहेबांनी वाचून मान डोलावली. म्हणाले, इत्ते दिन से यही पूछ रहा था मैं. अब तो जाना ही पड़ता.

म्हणजे आजार नाही म्हटले तर अर्ज खोटा, आजार आहे म्हटले तर तबादला पक्का. कोणत्याही बाजूने चाललो तरी विहीरच. अर्ज परत घेतला.

ता. ९ एप्रिल, गुरुवार

उद्या निघायचे. सामान थोडे आहे. आतल्या खोल्यांतले प्रेमसिंगाने बांधले. मी बाहेरून सांगत होतो.

कालिंदीबद्दल न लिहिण्याचा निश्चय एकदाच मोडतो.

मंगळवारी दुपारी कालिंदी म्हणाली, आईला बोलवा. ताप होता, पण तापात माणसे असे म्हणतात. मी म्हणालो, माणूस पाठवला आहे. पाठवला नव्हता. प्रेमसिंगाला पाठवायचे तर दुसऱ्या दिवशी फाटकात कोण उभे राहणार? तपासणी होती. गुरुवारी पाठवणार होतो. दिवेलागणीला तिने पुन्हा विचारले, निघाली असेल का. मी म्हणालो, वसमत सोडले असेल आता. ती बुधवारी गेली.

गंगूताईंना विचारायचे आहे ते हेच, दुसरे काय असणार? माझ्या लेकीने मला बोलवायला सांगितले नव्हते का, असे विचारतील. उत्तर तयार ठेवले आहे. सात उत्तरे आहेत. त्यातले तिसरे बरे आहे.

शिरड शहापूर, ता. १४ एप्रिल, मंगळवार

पोचून चार दिवस झाले. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट, खिडकीत कबुतरे. गंगूताईंनी पहिल्या दिवशी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटले, विसरल्या. तिसऱ्या दिवशी वाटले, आता मी विसरलो तरी चालेल.

आज दुपारी त्या अंगणात हळकुंडे निवडत बसल्या होत्या. मी समोर उभा होतो. म्हणाल्या, बसा हो. किती येरझाऱ्या घालता, माझी मान दुखून राहिली. मी बसलो. आणि तिसऱ्या उत्तराऐवजी खरे तेच तोंडातून बाहेर पडले. मंगळवार, माणूस, वसमत, सगळे. बोलताना आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही, हे लिहून ठेवतो. शेजारची भिकाबाई कुंपणावरून पाहत होती. पाहू दे.

गंगूताईंनी हळकुंड खाली ठेवले नाही. बराच वेळ तेच एक हळकुंड निवडत होत्या. मग म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे. प्रेमसिंग माघात आला तेव्हाच सांगून गेला. राग आला होता. फार आला होता. तुम्ही आला असता तर तेव्हाच बोलून मोकळी झाले असते, आता तो जुना झाला.

मी म्हणालो, मग विचारायचे काय होते?

म्हणाल्या, लहानपणी ताप आला की ती काही खायची नाही. मी मांडीवर घेऊन भरवलं की दोन घास जायचे. म्हणून विचारते. त्या शेवटच्या दिवशी पोटात काही गेलं होतं का तिच्या? की उपाशीच गेली माझी पोर?

बुधवारी मी सकाळी सातला दवाखान्यात गेलो होतो. आलो तेव्हा सगळे झाले होते. उशाशी वाटी होती. भरलेली होती की रिकामी, मला आठवेना. अजून आठवत नाही.

गंगूताई वाट पाहत होत्या. मी म्हणालो, पाहून सांगतो.

कुठे पाहणार होतो, कोण जाणे.